दादाभाई : पाच मतांचे खासदार, त्याआधी गणिताचे मास्तर

पाटीवाला (धागाकर्ता)

सीएसएमटीला उतरून हुतात्मा चौकापर्यंत चालत जायचं, हा माझा बावीस वर्षांचा नेम. त्या रस्त्याला कोणी पूर्ण नावाने हाक मारत नाही. डी. एन. रोड, संपलं. परवा ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलाला सहज विचारलं, डी. एन. म्हणजे काय रे? त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, दादर नॉर्थ?" डी. एन. म्हणजे दादाभाई नौरोजी. हसू आलं, पण मग मीच विचारात पडलो. 'भारताचे पितामह', 'ड्रेन थिअरी' (हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडला वाहून जाते हा सिद्धांत) आणि 'पहिले भारतीय खासदार' या तीन गोष्टी सोडल्या तर मला तरी काय माहीत होतं? म्हणून महिनाभर मिळेल ते वाचत बसलो. त्यातून जे डोक्यात राहिलं ते इथे टाकतो. चुका असतील तर सांगा.

मला सगळ्यात धरून ठेवलं ते या माणसाच्या मास्तरकीने. दादाभाईंचं राजकारण वाचताना सारखं वाटतं, की हा माणूस फळ्यासमोर उभा राहून बोलतोय. आधी आकडा मांडतो, मग रीत दाखवतो, आणि उत्तर आलं की गप्प बसून समोरच्याकडे बघतो.

जन्म 4 सप्टेंबर 1825. वडील गेले तेव्हा हे चार वर्षांचे. आई माणेकबाईंनी वाढवलं. घरची गरिबी, पण शाळेत फी नव्हती म्हणून शिकता आलं. पुढे ते सांगायचे, आपलं शिक्षण लोकांच्या पैशावर झालं, तेव्हा ते लोकांना परत करायला हवं. एल्फिन्स्टनमध्ये गणितात इतके चमकले, की ऑर्लेबार नावाच्या प्राध्यापकाने त्यांना 'भारताची आशा' म्हटलं. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी त्यांना कायदा शिकायला विलायतेला पाठवायचं ठरवलं, निम्मा खर्च स्वतः द्यायची तयारी दाखवली. पण थोड्याच वर्षांपूर्वी काही पारशी मुलं ख्रिस्ती झाली होती, त्यावरून मुंबईत केवढा गदारोळ उठला होता. हाही तिकडे जाऊन बाटला तर? बेत बारगळला. गेले असते तर आणखी एक बॅरिस्टर झाले असते, एवढंच.

मग एल्फिन्स्टनमध्येच शिकवायला लागले. 1850 मध्ये सहायक प्राध्यापक आणि पाच वर्षांच्या आत गणित आणि पदार्थविज्ञानाचे पूर्ण प्राध्यापक. वय तिशीच्या आत. याच काळात विद्यार्थ्यांच्या सभेतर्फे मुलींच्या शाळा काढल्या, 1849 मध्ये, मराठी आणि गुजराती दोन्ही. सुरुवातीला सभेतली तरुण मंडळी स्वतःच सकाळी जाऊन फुकट शिकवायची. मराठी मुलींच्या शाळेला नाना शंकरशेटांनी आपल्या वाडीत जागा दिली. 1851 मध्ये 'रास्त गोफ्तार' हे गुजराती पत्र सुरू केलं. या नावाचा अर्थ 'खरं बोलणारा'.

1855 मध्ये एवढी मानाची नोकरी सोडून हे कामा मंडळींच्या पेढीत भागीदार म्हणून इंग्लंडला गेले. भारतीयांनी तिकडे काढलेली ही पहिली पेढी. पण तिथेही मास्तर आडवा आला. अफू आणि दारूच्या धंद्यातला नफा नको म्हणून बाहेर पडले, आणि 1859 मध्ये स्वतःची कापसाची पेढी काढली. मधल्या काळात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गुजरातीचे प्राध्यापकही होते, 1856 पासून जवळजवळ दहा वर्षं. दिवसा कापूस, संध्याकाळी व्याकरण!

तिथून राजकारणात येण्याचा रस्ता सरळ नव्हता. 1866 मध्ये लंडनला ईस्ट इंडिया असोसिएशन काढली. त्याच वर्षी क्रॉफर्ड नावाच्या विद्वानाने आशियाई लोक वंशानेच कमी असतात असा निबंध वाचला होता, त्याला मुद्द्यामागून मुद्दा घेऊन उत्तर दिलं. 1873-74 मध्ये बडोद्याला मल्हारराव गायकवाडांचे दिवाण झाले. एकीकडे महाराजांचा कारभार, दुसरीकडे रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेअर. वर्षभरातच राजीनामा. मग मुंबईची महापालिका, कायदेमंडळ, 1885 मध्ये काँग्रेसची स्थापना.

1886 मध्ये लंडनच्या होबर्न मतदारसंघातून लिबरल पक्षातर्फे उभे राहिले आणि सपाटून पडले. साठी उलटलेला माणूस. आपल्याकडे एवढ्यात मंडळी सत्कार समिती नेमतात. यांनी दुसरा मतदारसंघ शोधला, सेंट्रल फिन्सबरी. तिथे उमेदवारी मिळवताना स्वपक्षातल्याच रिचर्ड ईव्हशी तीन-चार वर्षं भांडण चाललं. ईव्हने माघार घेतली ती निवडणूक तोंडावर आल्यावर. जुलै 1892. समोर हुजूर पक्षाचे कॅप्टन पेंटन. मोजणीत दादाभाई आधी तीन मतांनी पुढे, फेरमोजणीत पाच मतांनी. 2961 विरुद्ध 2956. मतदारांना 'नौरोजी' म्हणता येईना, त्यामुळे त्यांचं 'नॅरो-मेजॉरिटी' (निसटतं बहुमत) झालंच होतं. निकालाने ते नाव सार्थ केलं.

शपथ घेताना बायबलऐवजी अवेस्ता हातात. वय 66. आणि एक बारकावा: तेव्हा खासदारांना पगार नव्हता. तो 1911 मध्ये सुरू झाला. म्हणजे प्रचार पदरचा, खासदारकीही पदरची.

पुढचं प्रतिसादांत बोलू. हात दुखले.

शंकेखोर

लेख उत्तम, वाचनखूण साठवली. पण 'पहिले भारतीय प्राध्यापक' हे बिरुद सगळीकडे छापलेलं असतं ते जरा खटकतं. बाळशास्त्री जांभेकर 1834 मध्येच एल्फिन्स्टनमध्ये सहायक प्राध्यापक होते की. 'दर्पण'वाले. त्यांच्या विद्यार्थ्यांत भाऊ दाजी लाड, दादाभाई अशी नावं घेतली जातात. मग गुरूला सोडून चेला पहिला कसा?

पाटीवाला

शंकेखोर, तुमच्या नावाला जागलात. म्हणूनच मी 'पहिले' लिहायचं टाळलं. पूर्ण प्राध्यापकपद मिळालेले दादाभाई पहिले, असं म्हटलं तर ते बरोबर. सहायकाचं गणित धरलं तर बाळशास्त्री. बाळशास्त्री 1846 मध्ये गेले, अवघ्या चौतीस वर्षांच्या आसपास. जगते तर हा वादच नसता.

गणिताच्या_बाई

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते, त्यामुळे 'मास्तर' शब्दावर थांबले. दादाभाईंचं ते प्रसिद्ध वीस रुपयांचं गणित कोणी मांडलेलं दिसलं नाही, म्हणून मीच मांडते.

1867 ते 1870 च्या सुमाराचा ब्रिटिश हिंदुस्थान. सरकारचेच अहवाल घेतले. कुठल्या प्रांतात किती एकर कशाखाली, एकरी पीक किती, बाजारभाव किती. त्यात मीठ, अफू, कोळसा, कारागिरी वगैरेंची भर हात सैल सोडून घातली. एकूण उत्पन्न आलं 34 कोटी पौंड. माणसं 17 कोटी. भागाकार करा: माणशी दोन पौंड. तेव्हाचा रुपया दोन शिलिंगचा, म्हणजे वर्षाला वीस रुपये. मग पुढची पायरी. सरकार तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर वर्षाला किती खर्च करतं, ते सरकारच्याच तुरुंग अहवालातून काढलं. तो आकडा वीसच्या वर! म्हणजे सरासरी मोकळा माणूस कैद्याइतकाही जगू शकत नाही. कुठे विशेषण नाही, कुठे आवाज चढवलेला नाही.

पण मला खरी मजा वाटते ती दुसऱ्या ठिकाणी. अहवालांत अधिकारी सरासरी कशी काढायचे? सगळ्या जिल्ह्यांचे भाव बेरीज करायचे आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागायचे. दादाभाईंनी ती चूक पकडली. समजा एका जिल्ह्यात लाख एकर गहू एकरी 500 शेर पिकतो आणि शेजारच्या जिल्ह्यात फक्त शंभर एकर, पण एकरी 900 शेर. साहेबाची सरासरी 700. खरी सरासरी 500 च्या अगदी जवळ. (आकडे माझे, चूक साहेबाची.) आमच्या आठवीच्या पेपरातसुद्धा निम्मी मुलं हीच चूक करतात. फरक एवढाच, की त्यांच्या चुकीवर कोणाचा शेतसारा ठरत नाही.

वहीखाते

बाई, सुरेख. मी हिशेबनीस माणूस, म्हणून थोडी दुसरी बाजू. दादाभाईंच्या गणितात फक्त माल धरलाय. धान्य, कापूस, मीठ. न्हाव्याची, वैद्याची, गाडीवानाची, शिक्षकाची मिळकत धरलेली नाही. आजच्या पद्धतीने मोजलं तर आकडा वर जाईल. सरकारनेही उलट उत्तर दिलं: 1882 मध्ये बेरिंग-बार्बर यांनी 27 रुपये काढले, 1901 मध्ये कर्झनने 30 म्हटले.

निःसारणाचंही, म्हणजे त्या 'ड्रेन थिअरी'चंही, तसंच. दरवर्षी हिंदुस्थानातून बाहेर जाणारा माल आत येणाऱ्यापेक्षा जास्त, आणि त्या फरकाच्या बदल्यात इथे काही येत नाही. हा फरक कुठे जातो? लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च, निवृत्त साहेबांची पेन्शनं, रेल्वे कंपन्यांना हमी दिलेलं व्याज, आपला काडीचा संबंध नसलेल्या लढायांचा खर्च. यातलं रेल्वेचं व्याज हे शेवटी भांडवलाचं मोल आहे, ते सगळं 'लूट' या एकाच खात्यात टाकता येत नाही.

गणिताच्या_बाई

वहीखाते, मान्य. पण सरकारचे 27 आणि 30 तरी घ्या. तीसला तीस! कैद्याच्या पंगतीतून फार तर दोन पाटांचं अंतर.

कडूकारले

एवढं कौतुक चाललंय तर विरजण घालतो. या माणसाने आयुष्यभर काय केलं? साहेबाच्या न्यायबुद्धीवर विश्वास ठेवून अर्ज केले. पुस्तकाचं नावच बघा, 'पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल'. म्हणजे तुमचं राज्य वाईट नाही, फक्त तुम्ही इथे ब्रिटिशांसारखं वागत नाही आहात! केसरीवाल्यांनी या भिक्षांदेहीवर उगाच ताशेरे ओढले नाहीत. पाच मतांनी निवडून येऊन तीन वर्षं बसले आणि 1895 मध्ये पडले. हाती काय लागलं?

चर्नीरोडकर

कडूकारले, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण 2 जून 1893 विसरू नका. मुलकी सेवेची परीक्षा फक्त लंडनला व्हायची. पोराला परीक्षेला बसवायचं तर समुद्र ओलांडा, खर्च करा, जातीत प्रायश्चित्त घ्या. परीक्षा हिंदुस्थानातही एकाच वेळी व्हावी, असा ठराव कॉमन्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या खालच्या सभागृहात, आला आणि 84 विरुद्ध 76 ने मंजूर झाला. सरकारच्या इच्छेविरुद्ध! मग सरकारने तो गुंडाळून ठेवला. 'साहेबाची न्यायबुद्धी' किती खोल आहे ते याच दिवशी मोजून झालं. त्या वर्षाअखेर दादाभाई लाहोर काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी आले, तेव्हा मुंबईत स्वागताला लोटलेली गर्दी अभूतपूर्व होती.

शिवाय त्यांना उभं राहण्याआधी काय ऐकून घ्यावं लागलं तेही सांगा की. नोव्हेंबर 1888, एडिंबरा. पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी भाषणात म्हणाले, ब्रिटिश मतदारसंघ 'काळ्या माणसाला' निवडून देईल इथपर्यंत आपण आलोत की नाही, शंका आहे. झालं उलटंच. जो उमेदवार होबर्नबाहेर कोणाला माहीत नव्हता तो देशभर माहीत झाला. वर्तमानपत्रांनी चेष्टा केली, की सॉल्सबरींपेक्षा नौरोजीच उजळ दिसतात. ही मेहेरबानी पंतप्रधानांनी फुकटात केली.

पाटीवाला

चर्नीरोडकर +१. आणि कडूकारले, तुम्ही 1895 ला थांबलात. पुढे बघा. त्याच साली हिंदुस्थानच्या खर्चाच्या चौकशीसाठी वेल्बी आयोग नेमला, त्यात सभासद म्हणून दादाभाई. शाही आयोगावर बसलेले पहिले भारतीय. 1897 मध्ये त्या आयोगासमोर साक्ष द्यायला पुण्याहून गोपाळराव गोखले गेले. गंमत बघा, आयोगावर बसलेला गणिताचा प्राध्यापक आणि समोर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारा, अंकगणिताचं क्रमिक पुस्तक लिहिणारा साक्षीदार. आणि ज्यांनी ताशेरे ओढले असं तुम्ही म्हणता ते टिळकही न्यू इंग्लिश स्कूलचे गणिताचेच मास्तर! केरूनाना छत्र्यांचे विद्यार्थी. मवाळ-जहाल भांडण हे एका अर्थी शिक्षकांच्या खोलीतलं भांडण होतं.

1904 मध्ये ॲमस्टरडॅमच्या समाजवादी परिषदेत हा 78 वर्षांचा माणूस हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर बोलायला उभा राहिला. 1906 मध्ये कलकत्त्याला काँग्रेस फुटायच्या बेतात होती, तेव्हा दोन्ही बाजूंना चालेल असं एकच नाव उरलं होतं. 81 व्या वर्षी आले. आवाज पुरेना, म्हणून भाषणाचा मोठा भाग गोखल्यांनी वाचला. आणि त्या भाषणात 'स्वराज्य' हा शब्द होता. अर्जाने सुरुवात झाली होती खरी, पण शेवटच्या ओळीत मागणी बदलली होती.

कडूकारले

गणिताच्या मास्तरांचा मुद्दा आवडला, बाकी अंशतः मागे घेतो. कारलं ते कारलंच.

लंडननिवासी

उशिरा आलो. मी इथे दक्षिणेला राहतो, पेंजपासून फार लांब नाही. ॲनर्ली पार्कमध्ये 72 नंबरचं घर आहे, दादाभाई तिथे 1897 पासून काही वर्षं राहत. 2022 च्या ऑगस्टमध्ये त्यावर निळी पाटी लागली, थोरामोठ्यांच्या घरांवर लावतात ती. घर साधंच, लाल विटांचं. एका रविवारी डबा घेऊन बघायला गेलो होतो. समोरून जाणाऱ्या आजीबाईंनी विचारलं, "हे कोण, क्रिकेटवाले का?" म्हटलं नाही, खासदार. "मग मी मत दिलं नसेल," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. त्यांच्या पणजीलाही देता आलं नसतं म्हणा, 1892 मध्ये बायकांना मतच नव्हतं. दादाभाई बायकांच्या मताधिकाराच्या बाजूचे होते, आणि प्रचारात फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा त्यांना पाठिंबा होता.

क्लार्कनवेलमध्ये, म्हणजे दादाभाईंच्या जुन्या मतदारसंघाच्या भागात, 'नौरोजी स्ट्रीट' आहे. आखूड गल्ली. डी. एन. रोडच्या मानाने अगदीच बोळ.

रुईयाकट्टा

लंडननिवासींनी क्लार्कनवेल म्हटलं म्हणून एक अवांतर. तो भाग आता इझलिंग्टन साउथ अँड फिन्सबरी मतदारसंघात येतो. 1986 ते 1992 त्याच मतदारसंघाच्या मजूर पक्षाचे अध्यक्ष कोण होते? अर्थशास्त्रज्ञ मेघनाद देसाई. जन्म बडोद्याचा, शिक्षण आमच्या माटुंग्याच्या रुईयात! पेनसिल्व्हेनियाला जाऊन जगाच्या कथील बाजाराचं गणिती प्रारूप मांडलं, 1965 पासून 2003 पर्यंत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवलं, 1991 मध्ये लॉर्ड झाले. किताबाला जोडलेलं गाव कुठलं निवडलं, तर सेंट क्लेमंट डेन्स. म्हणजे कॉलेजशेजारचं चर्च. स्वतः पक्के नास्तिक! मानवविकास निर्देशांकाच्या कामात अमर्त्य सेन आणि महबूब उल हक यांच्यासोबत होते. मार्क्सवर लिहिलं आणि दिलीपकुमारवरही. पार्लमेंट चौकात 2015 मध्ये गांधीजींचा पुतळा उभा राहिला तो यांच्या ट्रस्टच्या खटपटीने. 2020 मध्ये ज्यूद्वेषाच्या प्रश्नावर पक्ष सोडला. 2025 च्या जुलैमध्ये गेले.

दोघांत फरक मोठा. एकाला मतदाराच्या दारात जावं लागलं, दुसऱ्याला लॉर्ड्स सभागृहाच्या लाल बाकांवर नेमून बसवलं. पण देश किती गरीब आहे हे मोजायचं कसं, या एकाच प्रश्नाला दोघे प्राध्यापक चिकटले.

शंकेखोर

रुईयाकट्टा, माहिती छान, पण विषय वेगळा. नवा धागा काढा. त्याच धाग्यात भावनगरी आणि सकलातवालाही घ्या. दादाभाई लिबरल, 1895 मध्ये ते पडले त्याच निवडणुकीत बेथनल ग्रीनहून जिंकलेले मंचरजी भावनगरी हुजूर पक्षाचे, आणि 1922 चे बॅटरसीचे शापुरजी सकलातवाला चक्क कम्युनिस्ट. तिघेही पारशी. मूठभर समाज, आणि पक्ष एकही सोडला नाही.

गणिताच्या_बाई

आज ते गणित वर्गात घातलं. 34 कोटी भागिले 17 कोटी, मग शिलिंग, मग रुपये. उत्तर बहुतेकांना आलं. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "बाई, या सतरा कोटींत साहेब लोकपण धरलेत का?" म्हटलं, का गं? "मग बाकीच्यांच्या वाटणीला वीस पण नाही येणार ना."

वहीखाते, उत्तर तुम्ही द्या. मी तिला उद्या सांगते म्हणून आलेय.